सुपरहिरो कार्टून मालिकेतील रेखाटनशैली आणि तंत्रज्ञानाचा वास्तववाद : ‘बॅटमॅन : द ॲनिमेटेड सीरिज’च्या संदर्भात

बीजसंज्ञा : ॲनिमेशन, रेखाटनशैली, वास्तववाद, संभवनीयता, यंत्र, सुपरहिरो.

प्रास्ताविक

सुपरहिरोंच्या कार्टून मालिका हा लहान मुलांच्या करमणुकीचा प्रकार आहे, अशी समजूत रूढ असल्यामुळे समीक्षेने त्यांच्याकडे बहुधा दुर्लक्ष केले आहे. त्यांची दखल घेतली जाते ती मुलांवर होणाऱ्या परिणामांच्या, म्हणजे हिंसेच्या किंवा व्यापारीकरणाच्या संदर्भात. कलाकृती म्हणून त्या कशा घडविल्या जातात, त्यांतील रेषा, रंग, अवकाश आणि यंत्रे यांचा आशयाशी कोणता संबंध असतो, हा प्रश्न मागेच राहतो.

या दुर्लक्षाचा एक परिणाम असा झाला आहे की ॲनिमेशनमधील वास्तवाविषयी एक ढोबळ समीकरण बिनतक्रार स्वीकारले गेले आहे. चित्रात तपशील जितका अधिक तितके चित्र वास्तव, हे ते समीकरण होय. संगणकीय प्रतिमानिर्मितीच्या प्रसारानंतर ते अधिकच दृढ झाले. धातूवरील चकाकी, यंत्रातील प्रत्येक खिळा आणि प्रत्येक सांधा दाखविता येऊ लागला, म्हणजे तंत्रज्ञानाचे वास्तव चित्रण साधले, असे मानले जाऊ लागले. हे समीकरण कितपत टिकते, याची तपासणी प्रस्तुत लेखात एका विशिष्ट मालिकेच्या आधारे केली आहे.

अमेरिकेतील वॉर्नर ब्रदर्स ॲनिमेशन या संस्थेने निर्मिलेल्या ‘बॅटमॅन : द ॲनिमेटेड सीरिज’ या मालिकेचे प्रसारण ५ सप्टेंबर १९९२ रोजी सुरू झाले आणि १९९५ पर्यंत तिचे ८५ भाग प्रसारित झाले. ब्रूस टिम आणि एरिक राडोम्स्की हे तिचे शिल्पकार होत. लेखनाच्या बाजूने ॲलन बर्नेट आणि पॉल डिनी यांचा वाटा मोठा आहे. या मालिकेतील रेखाटन मुद्दाम साधे, कमी रेषांचे आणि सपाट रंगांचे आहे. तरीही तिच्यातील यंत्रे विलक्षण विश्वसनीय वाटतात. हा वरवर दिसणारा विरोधाभासच या विवेचनाचा विषय आहे. सर्व ८५ भागांचा आढावा घेणे येथे अभिप्रेत नाही. यंत्र ज्यांच्या केंद्रस्थानी आहे असे मोजके भाग निवडले आहेत.

‘वास्तव’ या संज्ञेची मर्यादा

सुपरहिरोच्या कथेत वास्तववाद शोधणे हेच मुळात विसंगत आहे, असा आक्षेप प्रथमदर्शनी घेता येईल. वटवाघळाचा वेष घेऊन रात्री गुन्हेगारांचा पाठलाग करणारा धनाढ्य पुरुष हे पात्रच असंभाव्य आहे. तथापि असंभाव्य आणि अविश्वसनीय या दोन भिन्न गोष्टी आहेत. ॲरिस्टॉटलने ‘पोएटिक्स’मध्ये न पटणाऱ्या शक्य घटनेपेक्षा पटणारी अशक्य घटना कवीने पसंत करावी, असे मत मांडले आहे. भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर अद्भुत रसाचा स्थायिभाव विस्मय हा आहे; परंतु त्या विस्मयालाही औचित्याची चौकट लागते. क्षेमेंद्राने अकराव्या शतकात औचित्याला काव्याचे जीवित म्हटले, ते याच अर्थाने येथे उपयोगी पडते. अद्भुतालाही स्वतःचे नियम असावे लागतात आणि ते नियम कथेने पाळावे लागतात.

या दृष्टीने तंत्रज्ञानाच्या वास्तववादाचे तीन स्तर कल्पिता येतात. पहिला दृश्य स्तर : यंत्र खऱ्या यंत्रासारखे दिसते काय? दुसरा वैज्ञानिक स्तर : असे यंत्र निर्माण होणे शक्य आहे काय? तिसरा स्तर व्यवहाराचा आहे : यंत्राला वजन आहे काय, ते कुठे अडते, ते कोणी बनविले, त्याचा खर्च कोणी दिला, आणि ते बिघडल्यावर काय होते? कार्टून मालिकांची चर्चा बहुधा पहिल्या दोन स्तरांवर थांबते. ‘बॅटमॅन’ मालिकेचे सामर्थ्य मात्र तिसऱ्या स्तरावर आहे, आणि तिची साधी रेखाटनशैली याच स्तराला पोषक ठरते, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

पूर्वपरंपरा : वजन असलेली यंत्रे आणि वजन हरवलेली यंत्रे

या मालिकेचे मूळ शोधताना १९४१ ते १९४३ या काळातील ‘सुपरमॅन’ लघुपटांपर्यंत मागे जावे लागते. चित्रपटगृहांसाठी काढलेल्या या १७ लघुपटांपैकी पहिले नऊ फ्लायशर स्टुडिओने आणि उरलेले आठ फेमस स्टुडिओने तयार केले. मॅक्स फ्लायशर यांनी रोटोस्कोप या यंत्राचे पेटंट १९१७ मध्ये मिळविले होते. चित्रित केलेल्या माणसाच्या हालचालीवरून चौकटीगणिक रेखाटन उतरवून घेण्याची ही पद्धत होय. हालचालीला भार आणि ओघ कसा येतो, याचे ज्ञान त्या स्टुडिओपाशी होते.

नोव्हेंबर १९४१ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘द मेकॅनिकल मॉन्स्टर्स’ या लघुपटात एक संशोधक महाकाय यंत्रमानवांकरवी दरोडे घालतो. हे यंत्रमानव विज्ञानाच्या कसोटीवर अर्थातच टिकणारे नाहीत. परंतु त्यांचे पाऊल जमिनीवर पडते तेव्हा ते जड वाटते. त्यांचे हात उलगडून पंख होतात तेव्हा ती क्रिया टप्प्याटप्प्याने दिसते. त्यांना हुकूम देणारा माणूस नियंत्रणफलकासमोर बसलेला असतो. कारण आणि कार्य यांची साखळी प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर राहते. यंत्राला विश्वसनीयता येते ती या साखळीमुळे.

दूरचित्रवाणीच्या युगात ही साखळी तुटली. साप्ताहिक मालिकांच्या खर्चात आणि वेळेत पूर्ण ॲनिमेशन परवडणारे नव्हते. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर २२ मिनिटांच्या भागासाठी ३१ हजारांहून अधिक चौकटी लागतात. एक रेखाटन दोन चौकटींसाठी वापरले तरी ही संख्या सोळा हजारांच्या घरात राहते. त्यामुळे मोजकी रेखाटने, स्थिर शरीर आणि हलणारे ओठ, पुन्हा पुन्हा वापरलेली चालण्या-धावण्याची चक्रे अशी मर्यादित ॲनिमेशनची पद्धत रूढ झाली.

हा केवळ ॲनिमेशनचा प्रश्न नव्हता. अभिनेत्यांना घेऊन केलेल्या १९६६ च्या ‘बॅटमॅन’ मालिकेत आणि त्याच वर्षीच्या चित्रपटात यंत्र हा विनोदाचा विषय झाला. उपकरणांवर त्यांच्या नावाच्या पाट्या लावलेल्या असत. चित्रपटात नायकाला शार्क मासा पळवून लावणारा फवारासुद्धा ऐन वेळी उपलब्ध होतो. तेथे ही अतिशयोक्ती हेतुपुरस्सर होती आणि विडंबन म्हणून ती यशस्वीही झाली. मात्र यंत्र म्हणजे कथानकाची अडचण सोडविणारी जादूची झोळी, हा संकेत त्यातून पक्का झाला. झोळीतून काहीही निघू शकते म्हटल्यावर नायकावर आलेले संकटही खरे उरत नाही. १९९२ च्या मालिकेपुढे मुख्य प्रश्न हाच होता : दूरचित्रवाणीच्या तुटपुंज्या साधनांत यंत्राला त्याचे वजन परत कसे मिळवून द्यावे?

काळ्या कागदावरचे नगर

या प्रश्नाचे पहिले उत्तर पार्श्वभूमीच्या चित्रणात आढळते. ॲनिमेशनची पार्श्वभूमी सामान्यतः पांढऱ्या कागदावर रंगविली जाते. राडोम्स्की यांनी ती काळ्या कागदावर रंगविण्याची पद्धत अवलंबिली. हा फरक केवळ तांत्रिक नाही. पांढऱ्या कागदावर चित्रकार अंधार निर्माण करतो. काळ्या कागदावर तो प्रकाश निर्माण करतो. जे रंगविले नाही ते आपोआप अंधारात राहते. इमारतीची एक कड, खिडकीतील एक पिवळा चौकोन, पुलाच्या लोखंडी कमानीवरील एक उजळ रेघ एवढ्यावर नगर उभे राहते. उरलेले नगर प्रेक्षक स्वतः पूर्ण करतो.

हे नगर कोणत्या काळातील आहे, हे निश्चित सांगता येत नाही. आकाशात पोलिसांची हवाई जहाजे तरंगतात, पुरुषांच्या डोक्यावर हॅट आहेत, मोटारी १९४० च्या सुमाराच्या घडणीच्या आहेत, दूरचित्रवाणीचे चित्र कृष्णधवल आहे. आणि त्याच नगरात संगणक, ध्वनिचित्रफिती व यंत्रमानवही आहेत. वास्तुशैली आर्ट डेकोची आहे. निर्मात्यांनी या मिश्रणाला ‘डार्क डेको’ असे नाव दिले. टिम बर्टन यांच्या १९८९ च्या चित्रपटासाठी अँटन फर्स्ट यांनी उभारलेल्या गॉथॅमचा आणि फ्लायशर लघुपटांचा प्रभाव त्यामागे आहे.

आर्ट डेको ही शैली मराठी वाचकाला परकी नाही. मुंबईतील रीगल (१९३३) आणि इरॉस (१९३८) ही चित्रपटगृहे, तसेच ओव्हल मैदान व मरीन ड्राइव्ह परिसरातील इमारती या शैलीच्या आहेत. २०१८ मध्ये मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाला युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळाले. या इमारती पाहताना जाणवते की आर्ट डेको ही यंत्रयुगाच्या आत्मविश्वासाची शैली आहे. जहाजाची, विमानाची, वेगाची आठवण देणाऱ्या वळणदार कडा आणि उभ्या रेषा तिच्यात घराला लाभतात. यंत्र उद्याचे जग सुखी करील, ही श्रद्धा तिच्यामागे होती. ‘बॅटमॅन’ मालिकेने ती वास्तू घेतली आणि तिच्यावरचा उजेड काढून घेतला. यंत्राच्या आश्वासनावर उभे राहिलेले, पण ते आश्वासन न फळलेले नगर असा या अंधाराचा अर्थ होतो. कालखंडाची ही सरमिसळ यंत्रांना उपकारकही ठरते. आजच्या खऱ्या उपकरणाशी तुलना करण्याचा मोह प्रेक्षकाला होत नाही. नगराचे स्वतःचे तंत्रज्ञान तो नगराच्या नियमांनी मोजू लागतो.

दुसरे उत्तर पात्रांच्या रेखाटनात आहे. टिम यांनी पात्रांचे आराखडे कमीत कमी रेषांचे केले. रुंद जबडा, चौकोनी खांदे, खाली निमुळते होत जाणारे शरीर एवढ्यात पात्र पूर्ण होते. यामागे सौंदर्यदृष्टीइतकीच व्यवहारदृष्टीही होती. प्रत्यक्ष ॲनिमेशन जपान व दक्षिण कोरिया येथील अनेक स्टुडिओंमध्ये होत असे. टोकियो मूव्ही शिन्शा, स्पेक्ट्रम, सनराइज, डाँग याँग ही त्यांपैकी काही नावे. आकृतीत रेषा जितक्या अधिक तितकी वेगवेगळ्या हातांत ती बिघडण्याची शक्यता अधिक. रेषा वाचविल्यामुळे उरलेले श्रम हालचालीकडे वळविता आले. घड्यांचा तपशील नसलेला अंगरखा वाऱ्यावर खऱ्या कापडासारखा हलू शकतो. तपशिलांनी भरलेला अंगरखा मात्र दूरचित्रवाणीच्या खर्चात स्थिरच ठेवावा लागतो. यंत्रांचेही तसेच आहे. नायकाची मोटार ही लांब नाक असलेली जवळजवळ एकसंध काळी आकृती आहे. तिच्यावर फारसे काही काढलेले नाही. पण वळणावर ती घसरते, तिचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. तपशिलाऐवजी वर्तनातून यंत्र सिद्ध होते.

मर्यादा हाच यंत्राचा स्वभाव : ‘हार्ट ऑफ आइस’

सप्टेंबर १९९२ मध्ये प्रसारित झालेला ‘हार्ट ऑफ आइस’ हा भाग डिनी यांनी लिहिला आणि टिम यांनी दिग्दर्शित केला. मिस्टर फ्रीझ या जुन्या आणि काहीशा हास्यास्पद खलनायकाला या भागाने शोकात्म पात्राचा दर्जा दिला. त्याच्या नव्या रूपाचा आराखडा माइक मिन्योला यांचा होता. डॉ. व्हिक्टर फ्रीस हा शास्त्रज्ञ असाध्य आजार झालेल्या आपल्या पत्नीला अतिशीत अवस्थेत जिवंत ठेवून तिच्यावरील उपाय शोधत असतो. तो ज्या कंपनीत नोकरी करतो तिचा प्रमुख फेरिस बॉइल खर्चाचे कारण दाखवून हा प्रयोग बळाने थांबवितो. त्या झटापटीत फ्रीसच्या शरीराची अवस्था अशी होते की शून्याखालील तापमानाबाहेर त्याला जगता येत नाही.

येथील विज्ञान काल्पनिक आहे. परंतु ते एकदा गृहीत धरल्यावर कथा त्याचे नियम काटेकोरपणे पाळते. फ्रीसचा पोशाख त्याला शक्ती देतो आणि त्याच क्षणी तो त्याचा तुरुंगही असतो. काचेचे शिरस्त्राण हा त्या पोशाखाचा दुबळा भाग. त्यामुळे चेहरा दिसतो, पण त्या चेहऱ्यापर्यंत कुणाचा स्पर्श पोहोचू शकत नाही. त्याच्या शीतअस्त्राने गोठलेला त्याचाच साथीदार मागे टाकला जातो, आणि त्या गोठलेल्या माणसावर बॅटमॅनला उपचार करावे लागतात. अस्त्राचा परिणाम दृश्य संपताच पुसला जात नाही.

भागाचा शेवट या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. बॅटमॅन फ्रीसला हरवितो ते कोणत्याही अद्भुत उपकरणाने नव्हे. सर्दीने बेजार झालेल्या नायकासाठी सेवक आल्फ्रेडने थर्मासमध्ये गरम सूप दिलेले असते. तो थर्मास शिरस्त्राणावर आपटताच थंडगार काच तडकते. झोळीतून निघणाऱ्या फवाऱ्याचे हे नेमके उलट टोक आहे. उपाय आधीच कथेत आलेला आहे, तो घरगुती आहे, आणि गरम-थंड पदार्थांचा शाळेत शिकलेला नियम त्यामागे आहे. हे दृश्य चित्रित करताना काचेचा पोत, तिच्यावरील प्रतिबिंबे यांवर भर दिलेला नाही. एका सपाट वक्राकृतीवर पसरत जाणाऱ्या काही रेषा एवढेच ते चित्र आहे. तरीही काच तडकल्याचा प्रत्यय येतो, कारण ती काच या माणसाचा श्वास आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते.

याहून महत्त्वाचे असे की यंत्रामागील पैसा येथे अदृश्य ठेवलेला नाही. प्रयोग थांबतो तो खर्चामुळे. मानवतावादी उद्योगपती म्हणून गौरविला जाणारा बॉइल आणि त्याने केलेले कृत्य यांतील अंतर एका ध्वनिचित्रफितीने उघड होते. तंत्रज्ञान चांगले की वाईट, या निबंधी प्रश्नाऐवजी ते कुणाच्या मालकीचे, हा प्रश्न मालिका विचारते.

कारागीर, पावती आणि विश्वास : ‘द मेकॅनिक’

सुपरहिरोची वाहने कोण दुरुस्त करतो, हा प्रश्न या साहित्यप्रकारात सहसा विचारला जात नाही. जानेवारी १९९३ मध्ये प्रसारित झालेला ‘द मेकॅनिक’ हा भाग नेमका तोच प्रश्न घेऊन उभा राहतो. नायकाची मोटार पाठलागात मोडते आणि अर्ल कूपर या कारागिराकडे दुरुस्तीला जाते. अर्ल हा पूर्वी एका मोटार कंपनीत नोकरीला होता. गाडीतील सुरक्षिततेचा दोष दडविण्यास त्याने नकार दिला, त्यामुळे त्याची नोकरी गेली आणि त्याच्यावर गुंड घालण्यात आले. बॅटमॅनने त्याला वाचविले. त्या कृतज्ञतेतून ही मोटार घडली. त्याची मुलगी मार्व्हा त्याला कामात मदत करते.

पेंग्विन या खलनायकाला अर्लचा पत्ता लागतो तो कोणत्याही हेरगिरीच्या यंत्राने नव्हे, तर सुट्या भागांच्या खरेदीवरून. अशा विचित्र मोटारीला विचित्र भाग लागणार, ते कुणीतरी मागविणार आणि त्याची कुठेतरी नोंद होणार, हे साधे सत्य कथानकाचा आधार होते. जगातील सर्वांत गूढ मोटारीचे रहस्य पुरवठादाराच्या वहीत सापडते. तंत्रज्ञानाच्या वास्तववादाचे याहून नेमके उदाहरण या प्रकारात क्वचित मिळेल. मोटारीचे इंजिन कसे चालते, हे या भागात कुठेही सांगितलेले नाही; पण ती मोटार माणसांच्या हातांनी बनली आहे, तिला ग्रीस लागते, आणि ती बनविणारा धमकीपुढे लाचार होऊ शकतो, हे स्पष्ट दिसते. यंत्रावरचा विश्वास हा अखेर ते बनविणाऱ्या माणसावरचा विश्वास असतो, असे या भागाचे सूत्र सांगता येईल. ज्या माणसाने नोकरी गमावली पण दोष दडविला नाही, त्यालाच मुलीच्या जिवासाठी आपल्या हातच्या यंत्रात दोष निर्माण करण्याची वेळ येते. या नैतिक पेचामुळे एक साधी पाठलागकथा गंभीर होते.

रेषेची प्रतिकृती : ‘हार्ट ऑफ स्टील’ आणि ‘हिज सिलिकॉन सोल’

नोव्हेंबर १९९२ मध्ये प्रसारित झालेला ‘हार्ट ऑफ स्टील’ हा दोन भागांचा प्रसंग आणि त्याच महिन्यातील ‘हिज सिलिकॉन सोल’ हा भाग यांत यंत्रमानवाचा विषय येतो. कार्ल रोसम या शास्त्रज्ञाने घडविलेला हार्डॅक हा संगणक माणसांच्या यांत्रिक प्रतिकृती तयार करून त्यांना मूळ माणसांच्या जागी बसवू लागतो. रोसम हे नाव कारेल चापेक यांच्या ‘आर. यू. आर.’ (१९२०) या नाटकातून आले आहे. ‘रोबोट’ हा शब्द जगाला त्याच नाटकाने दिला. रोसमने हे सारे आरंभिले ते अपघातात गमावलेल्या मुलीच्या दुःखातून. फ्रीसप्रमाणेच येथेही यंत्राच्या मुळाशी शोक आहे.

‘हिज सिलिकॉन सोल’मध्ये बॅटमॅनची एक प्रतिकृती मागे उरलेली असते आणि आपणच खरे बॅटमॅन आहोत असे तिला वाटत असते. अंगावरची कातडी फाटून धातू दिसल्यावर ती हादरते. पुढे खऱ्या बॅटमॅनला आपण ठार मारले अशी समजूत होताच ती कोसळते, कारण माणूस मारायचा नाही हे मूळ माणसाचे व्रत तिच्यातही उतरलेले असते. अखेरीस ती स्वतःचा नाश करून घेते. या यंत्रात आत्मा होता काय, हा प्रश्न भागाच्या शेवटी खुला सोडलेला आहे.

या कथेला रेखाटनशैलीमुळे जो अर्थ प्राप्त होतो, तो अभिनेत्यांच्या चित्रपटात सहजी प्राप्त झाला नसता. तेथे माणसाची भूमिका करणाऱ्या नटाचे शरीर खरे असते आणि यंत्र म्हणून त्याने वागणे हा अभिनय असतो. येथे माणूस आणि यंत्र दोघेही एकाच आराखड्यावरून, त्याच मोजक्या रेषांनी काढलेले आहेत. खरा बॅटमॅन हीसुद्धा अनेक देशांतील अनेक हातांनी एका नमुन्यावरून केलेली प्रतिकृतीच आहे. मग एकाला आपण सजीव मानतो आणि दुसऱ्याला यंत्र, ते कशाच्या आधारे? दिसण्याच्या आधारे नक्कीच नाही. वर्तनाच्या, खंताव्याच्या आणि घेतलेल्या जबाबदारीच्या आधारे. तपशीलवार, छायाप्रकाशयुक्त रेखाटनात कातडी आणि धातू यांतील पोताचा फरक ठळक झाला असता आणि प्रश्न डोळ्यांनीच सुटला असता. सपाट शैलीने तो डोळ्यांना सोडवू दिला नाही. तो विचाराकडे सोपविला. साधेपणा येथे खर्चाची तडजोड न राहता आशयाचा भाग होतो.

मर्यादा

वरील गुण मान्य करूनही मालिकेतील काही विसंगती नोंदविणे आवश्यक आहे. पहिली विसंगती अशी की यंत्राला लावलेली कसोटी सर्वांना सारखी लावलेली नाही. फ्रीसचा पोशाख, रोसमचा संगणक, बॉइलची प्रयोगशाळा यांना इतिहास आहे, मालक आहे आणि हिशेब आहे. नायकाच्या गुहेतील संगणक मात्र विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ नेहमीच देतो. त्याची उभारणी, त्याचा खर्च, त्याच्या चुका यांविषयी मालिका क्वचितच बोलते. ‘द मेकॅनिक’ हा भाग उठून दिसतो याचे कारण तो अपवाद आहे. खलनायकाची सत्ता तपासायची आणि नायकाची गृहीत धरायची, ही सुपरहिरो प्रकाराची मूळ सवय या मालिकेलाही पूर्णपणे सोडता आलेली नाही. खाजगी संपत्तीतून उभारलेल्या आणि कुणालाही उत्तरदायी नसलेल्या यंत्रबळाचा प्रश्न त्यामुळे अर्धवट राहतो.

दुसरी विसंगती कथानकाच्या पातळीवर आहे. ‘हार्ट ऑफ स्टील’चा उत्तरार्ध अखेर स्फोट आणि हाणामारी या ठरीव मार्गाने जातो. हार्डॅकने उपस्थित केलेला प्रश्न, म्हणजे चुका करणाऱ्या माणसाची जागा चुका न करणाऱ्या यंत्राने का घेऊ नये, याला उत्तर मिळण्याऐवजी प्रश्न विचारणारे यंत्रच नष्ट होते. उत्तराचा खरा प्रयत्न पुढच्या भागात होतो.

तिसरी मर्यादा मालिकेबाहेरची, पण तिच्याशी निगडित आहे. यंत्रामागचे हात दाखविणाऱ्या या मालिकेमागचे बहुसंख्य हात प्रेक्षकाला अपरिचित आहेत. दिग्दर्शक आणि लेखक यांची नावे चर्चेत राहिली; जपान आणि दक्षिण कोरियातील ज्या चित्रकारांनी हजारो रेखाटने केली त्यांचा उल्लेख बहुधा स्टुडिओच्या सामूहिक नावाने होतो. अर्ल कूपरला एक भाग मिळाला. मालिकेच्या अर्ल कूपरांना श्रेयनामावलीतील एक ओळ मिळाली. समीक्षेनेही ‘निर्मात्याची शैली’ असे म्हणताना या श्रमविभागणीचे भान ठेवले पाहिजे.

निष्कर्ष

१. कार्टून मालिकेतील तंत्रज्ञानाचा वास्तववाद हा चित्रातील तपशिलाच्या प्रमाणावर अवलंबून नसतो. यंत्राचे वजन, मर्यादा, उगम आणि परिणाम यांच्या सुसंगतीवर तो अवलंबून असतो.

२. काळ्या कागदावरील पार्श्वभूमी आणि मोजक्या रेषांची पात्रे यांमुळे मर्यादित साधनांत हालचालीला प्राधान्य देता आले. यंत्र दिसण्यापेक्षा वागण्यातून विश्वसनीय झाले.

३. ‘हार्ट ऑफ आइस’ आणि ‘द मेकॅनिक’ या भागांत यंत्रामागील पैसा, मालकी आणि श्रम कथानकाचा कणा होतात. तंत्रज्ञानाच्या चित्रणाला यामुळे सामाजिक परिमाण लाभते.

४. ‘हिज सिलिकॉन सोल’मध्ये सपाट रेखाटनशैली माणूस आणि यंत्र यांतील दृश्य भेद पुसून नैतिक भेदाकडे लक्ष वेधते. शैली आणि आशय यांची येथे पूर्ण एकरूपता आढळते.

५. नायकाच्या स्वतःच्या यंत्रबळाला मात्र हीच कसोटी सातत्याने लावलेली नाही. हे या मालिकेचे, आणि व्यापक अर्थाने या प्रकाराचे, न्यून होय.

समारोप

आज संगणकीय ॲनिमेशनला अशक्य असा तपशील जवळजवळ उरलेला नाही. धातू धातूसारखा आणि काच काचेसारखी सहज दिसते. अशा वेळी पडद्यावरील यंत्राविषयी विचारण्याजोगा प्रश्न ते किती खरे दिसते हा राहत नाही; ते कशाने अडते, कुणी घडविले आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे प्रश्न शिल्लक राहतात. वर्गात दृश्यकलाकृतींचे अध्यापन करताना हे प्रश्न कार्टून मालिकेलाही विचारता येतात, आणि सूपाच्या थर्मासने तडकलेल्या एका काचेपासून त्यांची सुरुवात करता येते.